चेष्टा मत कीजिए

ध्यानाला बसून रक्तदाब वाढलेला मी लखनौमधला बहुधा पहिलाच माणूस असेन.

मुळात तो थोडासाच वाढला होता. डॉक्टर म्हणाले, "एक महीना ध्यान कीजिए. नहीं उतरा तो गोली शुरू. फिर उम्रभर." माझ्या वडिलांच्या उशाशी गोळ्यांचा डबा असायचा आणि त्या डब्याची मला लहानपणापासून धास्ती आहे. म्हणून ठरवलं, ध्यान करायचं आणि तेही बिनचूक! (मी इथल्या एका संशोधन संस्थेत वजनकाटे तपासतो. कणभर चूक मला सहन होत नाही. मी माधुरीला सहन होत नाही, पण तो संसाराचा भाग झाला.)

आमच्या इंदिरा नगरच्या पार्कात त्रिपाठी मॅडम सकाळी ध्यान शिकवतात. हिंदीच्या निवृत्त प्राध्यापिका. पहिल्याच दिवशी मी वही काढून विचारलं, "मॅडम, पीठ कितनी सीधी?"

"जितनी सहज हो."

"सहज मतलब नव्वद डिग्री?"

मॅडमनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. तो ध्यानाचाच भाग असेल असं समजून मीही घेतला!

घरी सराव सुरू झाला. शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला आणि दहावीतल्या लेकीला तो माझ्या पाठीमागे धरून उभं केलं.

"अनघा, सरळ आहे का बघ."

"पापा, आप सीधे हो. दीवार टेढ़ी है. मैं जाऊँ?"

मग कुकरच्या शिट्टीवर बंदी आली. आम्ही दोन दिवस कच्ची डाळ खाल्ली. खाली भाजीवाला ओरडला, तर मी आसनावरून उठून धावत गेलो. "भैया, ज़रा धीरे चिल्लाओ!"

"धीरे चिल्लाएँ?" तो गोंधळून म्हणाला. "वो कैसे होता है, साहब?"

त्याचंही बरोबर होतं. आणि मनात येणारे विचार मोजायचे म्हणून मी वहीत रेघा ओढत होतो, तिथे वेगळाच घोळ. विचार आला, रेघ ओढली. पण रेघ ओढायची आहे हासुद्धा विचारच की! त्याची वेगळी रेघ? मग त्या रेघेच्या विचाराची? तिसऱ्या दिवशी वही संपली.

शंका घेऊन पार्कात गेलो, तर मॅडम वही बघून म्हणाल्या, "भाईसाहब, आप चेष्टा बहुत करते हैं. चेष्टा मत कीजिए."

मी उडालोच. चेष्टा? मी? जन्मात कुणाला हसलो नाही (शाळेत सगळे मलाच हसायचे), आणि मी बाईंची चेष्टा करतो?

"तुमच्या मिशांमुळे वाटत असेल," माधुरी म्हणाली. "त्या एका बाजूला वर आहेत. कुणाला वाटेल, गालात हसताय."

मी मिशा उतरवल्या! आरशासमोर गंभीर चेहऱ्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी दात आवळून, भुवया ताणून बसलो, तर मॅडम कळवळून म्हणाल्या, "आज तो और भी चेष्टा! गुप्ताजी से सीखिए. ज़रा भी चेष्टा नहीं."

शेजारी गुप्ताजी चक्क घोरत होते. मला काही म्हणता काही समजेना.

तिसऱ्या आठवड्यात रक्तदाब मोजला, तर आणखी चढलेला! मी खरोखर घाबरलो. वडिलांचा तो डबा डोळ्यांपुढे दिसायला लागला. माधुरीने फर्मान काढलं, "रविवारी जाऊन माफी मागू या. त्याशिवाय तुमचं मन शांत व्हायचं नाही."

मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी घेऊन आम्ही तिघं मॅडमच्या घरी गेलो. मी हात जोडले. "मैडम, कसम से, मैंने आपके सामने एक बार भी चेष्टा नहीं की."

"नहीं की?" मॅडम चकित. "आप तो सबसे अधिक करते हैं!"

"घर पर पत्नी करती है, मानता हूँ. मेरी तो रोज़ करती है. पर मैं नहीं!"

"पत्नी भी?" मॅडमनी माधुरीकडे काळजीने पाहिलं. "बहनजी, आप भी छोड़ दीजिए. चेष्टा से ध्यान नहीं लगता."

"छोड़ दूँगी," माधुरी ओशाळून म्हणाली. "लेकिन इनको देखके रहा नहीं जाता."

इतक्यात अनघा सोफ्यावर आडवी झाली. हसून हसून तिला बोलता येईना. "पापा! चेष्टा मतलब मज़ाक नहीं! हिंदी में चेष्टा मतलब कोशिश!"

अकरा वर्षं लखनौत काढली, पण बाजारात, ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी कोशिशच. शुद्ध हिंदीतली चेष्टा माझ्या कानावर कधी पडलीच नव्हती! बाई इतके दिवस सांगत होत्या की प्रयत्न करू नका, नुसते बसा; आणि मी हसू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होतो.

शेवटचा आठवडा मी नुसता बसलो. कसं बसायचं ते अजूनही कळलं नव्हतं, त्यामुळे पाच मिनिटांत गुप्ताजींच्या खांद्यावर मान टाकायचो.

डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला. "अरे वाह, उतर गया! गोली नहीं लगेगी. तो ध्यान लग गया आपका?"

मला भरून आलं. शेजारी माधुरी मराठीत पुटपुटली, "लागतंय कसलं? हे ध्यान रोज झोपत होतं."

"क्या कह रही हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

आता मराठीत ध्यान कुणाला म्हणतात, हे त्यांना हिंदीत कसं सांगणार?

"कुछ नहीं," मी म्हणालो. "मेरा परिचय दे रही हैं."