बाराव्या पानावरचा सर्जा

"माळीबुवा, हार धरून उभे राहा. तुमच्या घराण्याला तेच शोभतं."

हेडमास्तर माइकवरून म्हणाले आणि शाळेचं पटांगण हसलं. मीही हसलो. सवय होती. हार आमच्याच मळ्यातल्या झेंडूचा, आईनं पहाटे ओवलेला. मी त्यांच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर, अजून कायम न झालेला. त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतला फरक सांगणारं पुस्तक.

त्यांनी ते उघडून वाचायला घेतलं. "एका गावंढळ मास्तराला इन्स्पेक्टरनं विचारलं, काम कसं करता? मास्तर छाती फुगवून म्हणाला, आय वर्क हार्डली! म्हणजे, साहेब, मी काम जवळजवळ करतच नाही!"

पटांगण खदखदलं.

मी हसलो नाही. तो मास्तर मी होतो.

आता लपवायचं काय? माझं इंग्रजी म्हणजे ठेचाळलेला पाय. प्रत्येक शब्दावर एकदा तोंडघशी पडल्याशिवाय मला तो कळलाच नाही. एकदा पेंगणाऱ्या पोरांवर ओरडलो, "आय ॲम बोअरिंग!" म्हणायचं होतं, मला कंटाळा आलाय. म्हणालो, मी कंटाळवाणा आहे. पोरं गप्प. त्यांना ते आधीच माहीत होतं.

पडलो की घरी येऊन वहीत लिहायचो. डावीकडे माझी चूक, उजवीकडे बरोबर शब्द, खाली घरातलं एखादं वाक्य. लेंड म्हणजे आपलं दुसऱ्याला देणं, बॉरो म्हणजे दुसऱ्याचं मागून आणणं. खाली लिहिलं, आम्ही आमचा बैल सर्जा शेजाऱ्याला दिला. पोरांना म्हणायचो, "सर्जा गेला का लेंड, मामाची वखर आली का बॉरो." पोरं पुन्हा चुकली नाहीत. सहा वर्षांत वही भरली.

ती मी एकाच माणसाला दाखवली. हेडमास्तरांना. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून एकेक फजिती सांगायचो, ते पोट धरून हसायचे. मला वाटायचं, मैत्री आहे. एक दिवस म्हणाले, "वही ठेवून जा. तपासून देतो." उन्हाळाभर तपासत होते. मागितली की म्हणायचे, "घाई काय आहे?"

आता कळलं, घाई काय होती.

डावीकडच्या चुका त्यांनी माझ्याच ठेवल्या होत्या. उजवीकडचं सगळं त्यांचं झालं होतं. फजिती गावंढळ मास्तराची, अक्कल हेडमास्तरांची. चोरानं घर धुऊन न्यावं आणि वर दारात कचरा टाकून जावं, तसं.

मग त्यांनी बारावं पान उलटलं. "वी लेंट अवर बुलॉक सर्जा..."

मागून आमचे किसनमामा ओरडले, "काऊन हो, आपल्या सर्जाचं नाव काऊन घेऊन राह्यले ते?"

मामाला इंग्रजीचं अक्षर येत नाही. पण बैल ओळखला.

मला कायम करायचा कागद हेडमास्तरांच्याच टेबलावर, सहीवाचून पडून होता. त्यांनी हारासाठी मान वाकवली. मी हार घातला नाही. माइक ओढला.

"सर, तुमच्या घरी खुटा नाई. मंग सर्जाले बांधता कुठी?"

आता कुणीच हसलं नाही.

ते दातांआडून म्हणाले, "खाली उतरा. सही माझी लागते, लक्षात आहे ना?"

"हाव," मी म्हणालो. "अन् वही माही हाय, ते बी ध्यानात हाय."

हारासकट उतरलो. थेट गोठ्यात गेलो आणि हार सर्जाच्या गळ्यात घातला. त्यानं मान वळवून अर्धा खाल्ला. माझं प्रकाशन असं पार पडलं. आई एवढंच म्हणाली, "याले शोभला बाप्पा."

सही झाली नाही. नोकरी गेली. पुस्तक चालतंय, अजून माझ्यावर हसतंय.

मी मोताळ्याच्या बाजारात पाल ठोकून वांगी विकतो. बाजार उठला की त्याच पालाखाली पोरं बसतात, आणि मी त्यांना माझी एकेक चूक सांगतो. नवी वही सुरू केली आहे. चूक माझी, दुरुस्ती माझी, पहिल्या पानावर नाव माझं. परवा एक शिकलेला माणूस गोड बोलला, "द्या, तपासून देतो."

मी पोतं सरकवलं. "बसा इथं. माह्यासमोर वाचा."

वही मी हातातच धरून ठेवली.