बॉस एकदाच विचारतो

मला जुने ब्रिटिश गँगस्टर सिनेमे आवडतात हे मी घरात कुणाला सांगत नाही, कारण सगळ्यांना ते माहीत आहे आणि सगळे कंटाळलेले आहेत. लांब ओव्हरकोट, ओले रस्ते, आवाज न चढवता समोरच्याला घाम फोडणारी माणसं. आणि ते संगीत! आधी नुसता बास गिटार, दबक्या पावलांनी येणारा, मग मध्येच एखादं ट्रम्पेट कण्हतं. ते ऐकलं की दुबईच्या देरा बाजारात नळ आणि शॉवर विकणारा, पोट सुटलेला, शुद्ध शाकाहारी माणूससुद्धा स्वतःला धोकादायक समजू लागतो.

मेट्रोतून उतरलो की कानात तो बास लावून मी ऑफिसपर्यंत चालतो. वाटतं, ही अख्खी गल्ली आपली. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असतो, तो भाग वेगळा. बिल्डिंगचा वॉचमन रोज "कार्ड दिखाओ भाई" म्हणतो. मी दाखवतो, पण सावकाश दाखवतो.

गेल्या हिवाळ्यात मुलीने स्वतःच पसंत केलेल्या मुलाचे आईवडील शारजाहून आमच्याकडे यायचे ठरले. मुलगा गुणी होता, नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त त्याला लंडनला नोकरी लागली होती आणि लग्नानंतर हीसुद्धा तिकडेच जाणार होती. ज्या शहरावर मी इतकी वर्षं जीव टाकला, ते मला एका दिवसात नकोसं झालं. पण बोललो नाही. ओव्हरकोटवाले मनातलं बोलतात का कधी?

"बाबा, प्लीज, जस्ट बी नॉर्मल," पाहुणे यायच्या आधी मुलीने बजावलं. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मी मराठीत उत्तर देतो.

बायको आत कोथिंबीरवड्या तळत होती, मुलगी तिच्या हाताशी, त्यामुळे बाहेरची आघाडी माझ्याकडे आली. मी सोफ्यावर मधोमध बसलो, प्लेट पुढे सरकवली आणि खालच्या पट्टीत म्हणालो, "घ्या."

"नको हो, आत्ताच खाऊन निघालो," मुलाची आई म्हणाली.

या 'नको'चा अर्थ मराठी घरातल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतो. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं संकोचाचं, आणि त्यानंतर "बरं, अर्धीच द्या" म्हणत माणूस चांगल्या चार-पाच वड्या हाणतो. पण बॉस एकच गोष्ट पुन्हा विचारत नाही. "ठीक आहे," म्हणून मी प्लेट उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"अहो, आग्रह केलात ना?" बायकोने झारा हातात धरून विचारलं.

"केला," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

श्रीखंडाच्या वाट्यांचीही मी तीच गत केली. शारजाच्या ट्रॅफिकमधून आलेली ती दोन माणसं पाण्याचे घोट घेत बसली. शेवटी मुलाचे वडीलच मुद्द्यावर आले. "मग, तुमचं काय मत?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. सिनेमात अशा जागी बास सुरू होतो आणि या माणसाच्या मनात काय चाललंय ते प्रेक्षकाला कळतं. आमच्या हॉलमध्ये नुसता एसी घरघरत होता.

"बघू," मी म्हणालो.

लग्नाच्या बोलण्यात 'बघू' म्हणजे नकार. हे आठवेपर्यंत ते दोघं चपला घालत होते.

तासाभरात मुलाचा फोन आला. त्याच्या घरी सगळे समजून चुकले होते की आम्हाला स्थळ पसंत नाही. "खलास!" बायको म्हणाली. "साधी एक वडी गेली नाही हो त्यांच्या पोटात!" मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल झाले होते.

"बाबा, मी जाऊ नये असं वाटतंय का तुला?"

मराठीत विचारलं तिने. माझ्या तोंडून "हो" निघून गेलं आणि मग मला रडू आवरेना. बॉसचा पार चिखल झाला. तीही रडली, पण जायचं नाही असं काही म्हणाली नाही. तिला जायचं होतं, आणि ते माझ्या 'बघू'वर अडलं होतं.

मी तसाच मुलाच्या वडिलांना फोन लावला. "चुकलं माझं," म्हणालो. "मुलगा लाखात एक आहे. पण आमची एकुलती एक आहे हो. तिला पाठवायचं माझ्या जिवावर आलंय, ते तोंडाने म्हणता येईना, म्हणून तसा बसलो."

पलीकडे ते खाकरले.

"आम्हालाही तो एकच आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे येताना ही गाडीत अख्खा रस्ता रडत होती. तुम्हीच नाही म्हणाल, मग तोही लंडनचं सोडेल, अशी थोडी आशा होती आम्हाला."