कुत्री टाळतात तो खांब

कडूबा आमच्या चिखलीच्या वीज कंपनीत तारवाला होता आणि मी तिथे कारकून. त्याला लिहिता येत नसे, म्हणून त्याच्या तक्रारी मी लिहून घ्यायचो. चव्वेचाळीस सालच्या श्रावणात तो भिजून चिंब होऊन कचेरीत आला.

"लिहा बाबूजी. बाजारातल्या लोखंडी खांबात करंट उतरून राह्यला. वर तार धरून ठेवते ती चिनीमातीची वाटी तडकली. कोरड्यात काही नाही, पाणी पडलं का झटका देते."

"पुरावा काय?"

"आठ दिवस झाले, एक बी कुत्रं त्या खांबापाशी पाय वर करत नाही."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. खरं सांगतो, गंमत म्हणून. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि सगळी कचेरी पोट धरून हसली. सगळ्यांत जास्त मी. चार दिवसांनी साहेब मीटर घेऊन गेले, तेव्हा लख्ख ऊन होतं. काटा जागचा हलला नाही.

पोळ्याचं तोरण त्या वर्षी नेमकं त्याच खांबाला बांधलं. बुलढाण्याहून बडे पाहुणे येणार म्हणून दिवस मावळायच्या आतच दिवे लावायचा हुकूम होता. दुपारपासून झिमझिम चालू होती. घटकाभर वीज बंद ठेवा म्हणून कडूबा साहेबांच्या पाया पडला. साहेबांनी हाकलून दिलं. मग तो खांबापुढे हात पसरून उभा राहिला.

मानाची जोडी भगवानराव पाटलांची.

"मालक, इकून नका नेऊ."

"बाजूले सर बे! मानाची जोडी काय वळसा घालून जाईन?"

खांबाशी येताच उजवा बैल थबकला. कान मागे टाकले, पाऊल उचलेना. पाटलांनी हातातल्या तुतारीची, म्हणजे काठीची, अणकुचीदार आर टोचली. नाल ठोकलेला पाय डबक्यात पडला आणि झुलीबाशिंगासकट ते जनावर कोसळलं.

चौकशीत मला विचारलं, कडूबानं आधी कळवलं होतं का? कागद माझ्याच कपाटात होता. साहेब माझ्याकडे बघत होते. मी "नाही" म्हणालो. बढतीची हाव होती, दुसरं काही नाही. ती मिळालीही नाही. कामात हयगय केली म्हणून कडूबाची नोकरी गेली. गावही उलटलं, ऐन सणाला अभद्र बोलला म्हणून बैल गेला म्हणे! वाटी बदलली तर चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून साहेबांनी ती तशीच राहू दिली.

दोन वर्षांनी धाड गावच्या बाजारात तो दोरखंड विकताना दिसला. मी तोंड चुकवणार, तोच त्यानं हाक मारली. वाटलं, आता शिव्या घालतो. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वाटी बदलली का बाबूजी? पोळा येऊन राह्यला."

"बदलली," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. तेही मी खोटंच बोललो होतो.