रिकाम्या गोदामातलं शेवटचं गाणं

आमच्या घरात गेली चार वर्षं दर सुट्टीला संक्रांत असते. तिळगूळ नाही, नुसते काळे कपडे. माझी मुलगी शेंद्र्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. आठवडाभर ती तिथल्या निळ्या गणवेशात असते आणि सुट्टी लागली की काळा कुर्ता, काळी ओढणी, आणि डोळ्यांत इतकं काजळ, की तिची आई म्हणते, ‘‘हिला दृष्ट लागायची भीतीच नाही. दृष्टच घाबरून परत जाईल.’’

हा सगळा थाट गॉथिक रॉक नावाच्या संगीतासाठी. ते काय असतं हे मी तिला विचारलं, तेव्हा तिनं माझ्या कानात हेडफोन घातले. माझं टाइल्सचं दुकान आहे, त्यामुळे मला जे ऐकू आलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. नेहमीच्या गाण्यात गिटार पुढं मिरवते आणि बेस मागं फरशीखालच्या सिमेंटसारखा पडून असतो, कुणाला दिसत नाही. इथं सिमेंटच वर आलेलं. बेस गिटार मुख्य चाल वाजवत चालली आहे, जड पावलांनी, आणि खरी गिटार लांब कुठंतरी गळक्या नळासारखी टिपटिपते आहे. ताल यंत्राचा, एकाच चालीचा. तो कधी हसत नाही, कधी चढत नाही. आणि या सगळ्यावर आवाज कसा, तर विहिरीतून आल्यासारखा.

‘‘छान आहे,’’ मी म्हणालो. ‘‘कोण गेलं?’’

‘‘कुणी नाही गेलं, बाबा. असंच असतं.’’

बँडमध्ये माणसं दोन. बेसला आणि गायला माझी मुलगी, गिटारला तिचा कारखान्यातला सहकारी. हा दौलताबादचा. घरी पेरूची बाग, ओठांवर भरघोस मिशी आणि पायांत मात्र काळे बूट गुडघ्यापर्यंत. या वेशात तो सकाळी बागेला पाणी देतो, असं त्यानंच सांगितलं. दोघांनी मिळून मराठीत सहा गाण्यांचा अल्बम करायला घेतला होता. त्यातलं एक गाणं कापडाच्या दुकानातल्या काचेआडच्या पुतळीवर होतं, जिला बारा महिने नवरीचा शालू नेसवतात आणि वरात काही येत नाही. दुसरं वटवाघळाच्या बाजूनं लिहिलेलं. किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारात हे वटवाघूळ उलटं लटकून पर्यटकांना वैतागलेलं आहे. त्यात गिटारनं पंखांची फडफड केली होती आणि ती इतकी हुबेहूब, की पहिल्यांदा ऐकताना माझ्या बायकोनं डोक्यावर पदर घेतला.

पाच गाणी झाली होती. सहावं, शेवटचं, सात मिनिटांचं, अडून बसलं होतं. त्याला हवा होता मोठ्या दगडी इमारतीतला घुमारा. यंत्रातून काढलेला घुमारा मुलीला पसंत पडेना. एकदा ती माझा डबा द्यायला दुकानात आली, मागच्या गोदामात डोकावली आणि तिनं एक टाळी वाजवली. टाळी वर गेली, छताला लागली, चारी भिंतींना भेटून सावकाश परत आली. सीझनमध्ये माल खपला होता आणि गोदाम ओकंबोकं होतं. भिंतींना मी वर्षानुवर्षं न खपलेल्या टाइल्स लावून टाकल्या आहेत, कुठं हंस, कुठं द्राक्षांचा घोस. त्या हंसांनीच तो घुमारा केला होता.

‘‘बाबा, हेच हवं होतं.’’

‘‘मंगळवारी दुकान बंद असतं. तेव्हा करा. पण मंगळवारी संध्याकाळी मोरबीहून ट्रक येतोय. माल भरला की तुझी टाळी मुकी झाली म्हणून समज.’’

गोदाम पुढच्या सीझनपर्यंत पुन्हा रिकामं होणार नव्हतं. म्हणजे हातात एकच मंगळवार. दोघांनी रजा टाकली.

आता माझी एंट्री. गाण्यात मागून एक लांब, खर्जातला सूर हवा होता, ऑर्गनसारखा. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुमची पेटी चालेल का?’’ मी गल्ल्यावर बसलो होतो, तसाच उठून उभा राहिलो. पंचवीस वर्षं मी आमच्या कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी भजनाला पेटी वाजवतोय. तरुणपणी एका हौशी नाटकात भूतही झालो होतो. पेटी आणि भूत, दोन्हीचा अनुभव एकाच माणसाकडं असणं हा योग सोपा नाही. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून टाकलं की मी अल्बममध्ये आहे. एकानं तर बाथरूमच्या टाइल्स राहिल्या बाजूला, पेढे मागितले.

मंगळवारी सकाळी मी पेटी घेऊन हजर. अंगात काळा शर्ट, दशक्रियेला जाताना घालतो तोच. मुलीनं मला समजावलं, ‘‘एकच सूर धरायचा. मी दोन ओळी म्हणते, मग आठ मात्रा गप्प. त्या आठ मात्रांत फक्त ताल आणि घुमारा. मग पुढच्या ओळी.’’

‘‘समजलं.’’

यंत्राचा ताल सुरू झाला. बेस गिटार चालू लागली. मुलीनं गायला सुरुवात केली. भुयारात शिरलेल्या माणसाचं गाणं आहे ते, आणि अंधार त्याला म्हणतो :

मशाल विझली.
आता बोलू नको.

आवाज हंसांवरून फिरून परत आला. अंगावर काटा आला माझ्या. आणि आठ मात्रांची शांतता सुरू होताच माझी बोटं आपोआप धावली, तीच ओळ पेटीवर म्हणून आली, वर एक मुरकी घेऊन.

ताल थांबला.

‘‘बाबा.’’

‘‘अगं, जागा होती.’’

‘‘जागा होती म्हणजे ती भरायची नव्हती.’’

भजनाला बसणाऱ्या कुठल्याही पेटीवाल्याला विचारा. आमचा सगळा धर्म एका नियमात आहे : बुवा श्वास घेतो तिथं पेटीनं बोलायचं. बुवा थांबला आणि पेटीही थांबली तर बुवा रागानं वळून बघतो, टाळकरी वळून बघतात. पंचवीस वर्षांत मी एकही जागा मोकळी सोडलेली नाही. आणि इथं ही पोरगी सगळं गाणं मोकळ्या जागांचंच बांधून बसलेली.

दुसऱ्या खेपेला मी फक्त दोन सूर घातले. तिसऱ्या खेपेला शेवटच्या मात्रेपर्यंत दम धरला आणि मग तोच तुकडा तीनदा फिरवून तिहाई घेतली. चौथ्या खेपेचं मला काहीच आठवत नाही, पण गिटारवाला म्हणाला की मी लय वाढवली आणि शेवटी शेवटी यंत्राला मागं टाकून पुढं निघून गेलो.

‘‘काका, लई भारी वाजवता तुम्ही,’’ तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. ‘‘पण ह्यात नाय बसत. आमचं भूत हळू चालतंय. तुमचं आरतीला निघालंय.’’

दुपारी ट्रकवाल्याचा फोन आला. ‘‘सेठ, येवला पार कर लिया.’’

‘‘आराम से आओ, जेवण करून घ्या,’’ मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी ट्रकला उशीर करायला सांगत होतो.

‘‘खाना हो गया, सेठ.’’

सातव्या खेपेनंतर मुलगी खुर्चीवर बसली. रागावली नाही. तिनं पाण्याची बाटली उघडली, बंद केली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘बाबा, जेवताना पण तुम्ही असंच करता. मी काहीतरी सांगायला लागते, मध्ये जरा थांबते, तेवढ्यात तुमची गोष्ट सुरू होते.’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडं या विषयावर एक चांगला किस्सा होता. मग तोंड मिटलं.

पुन्हा फोन. ‘‘सेठ, वैजापूर में चाय पी रहा हूँ.’’ म्हणजे दोन तास, फार तर अडीच.

‘‘तुम्ही दोघंच करा,’’ मी म्हणालो. ‘‘पेटी काढून टाका.’’ हे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं पेढेवालं गिऱ्हाईक आलं. मुलीनं पुन्हा ताल लावायला घेतला. पेटीसमोरचा माईक काढायलाही वेळ नको म्हणून तो तसाच राहिला. मी पेटीमागं बसून राहिलो, बोटं मांडीखाली दाबून. पण डाव्या हाताला कोण सांगणार? गाणं सुरू झालं की तो भाता हलवतो. पंचवीस वर्षांची सवय. माझी पेटी म्हातारी आहे. भात्याला एक बारीक चीर आहे, ती मी गुरुवारी सगळ्यांपासून लपवतो. सूर दाबला नाही तरी पेटी त्या चिरीतून हवा सोडते : हऽऽ, मग थांबून, हऽऽ.

मुलीनं दोन ओळी म्हटल्या. आठ मात्रा गेल्या. तिनं एकदम हात वर केला, हेडफोन कानांवर दाबले.

‘‘बाबा, आत्ता करत होतात ते करा.’’

‘‘मी काही करत नव्हतो.’’

‘‘तेच करा.’’

गिटारवाल्यानं एक हेडफोन माझ्या कानाला लावला. भुयारात कुणीतरी अगदी जवळ उभं राहून श्वास घेत होतं. मला स्वतःचीच भीती वाटली.

पुढचे दोन तास तालमीत आणि चुकलेल्या खेपांत गेले, मग शेवटच्या खेपेला सात मिनिटं मी फक्त भाता हलवला. ओळीत थांबायचं, शांततेत हलवायचं, आणि बोटं मांडीखालीच. नाटकात भूत झालो होतो तेव्हा मला आठ पानी स्वगत होतं. एवढं अवघड नव्हतं ते. पाचव्या मिनिटाला बाहेर ट्रक लागल्याचा आवाज आला. माल उतरवणारे हमाल दारापाशी जमले. एकानं डोकावून दुसऱ्याच्या कानात विचारलं, ‘‘अंदर कोई मरा क्या?’’ दुसरा म्हणाला, ‘‘नक्को बोल, बेटी गा रही.’’ मग ते सगळे टोप्या हातात घेऊन उभे राहिले.

शेवटची ओळ संपली. घुमारा विरला. कुणी बोललं नाही. मीसुद्धा. मुलीनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि यंत्र बंद केलं. पुढच्या दोन-तीन तासांत गोदाम टाइल्सच्या खोक्यांनी भरून गेलं. मी जाता जाता एक टाळी वाजवून बघितली. खोक्यांत गुडुप झाली.

महिन्याभरानं अल्बम मोबाईलवर आला. गुरुवारी भजनाआधी मी आमच्या बुवांना शेवटचं गाणं लावून दिलं. बुवा डोळे मिटून, फोन कानाला लावून सातही मिनिटं ऐकत बसले.

‘‘पोरीचा आवाज पक्का आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण पेटी कुठाय तुमची? ह्यात तर कुणाला तरी दमा झालाय.’’

टाळकरी हसले आणि सगळे माझ्याकडं वळले, आता हा काय किस्सा सांगतो म्हणून. मी पेटी पुढं ओढली, भात्यावर हात ठेवला आणि मनात आठ मात्रा मोजल्या.