कमरेतला मांडव

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी ऑपरेटर होतो आणि आमच्या खुटबाव गावात माझ्याइतकी अक्कल कुणालाच नाही, अशी माझी खात्री होती. ड्रम हलवता हलवता कमरेतला एक मणका पुढे सरकला, डावा पाय बधिर व्हायला लागला, पण ही खात्री मात्र जागची हलली नाही.

पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन मणके स्क्रूंनी जखडले आणि ते एकजीव व्हावेत म्हणून मध्ये कृत्रिम हाडाचे दाणे भरले. जाड्या रव्यासारखे, पांढरेशुभ्र. त्यामुळे माझ्याच कमरेच्या बाजूचं हाड कापून घ्यायची गरज पडली नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हे दाणे म्हणजे नुसता मांडव. त्यावर वेल तुमच्याच हाडाचा चढला पाहिजे. सहा महिने पट्टा लावायचा, वाकायचं नाही. आणि तंबाखू खात असाल तर आजपासून बंद. तंबाखूनं हाड धरत नाही. खाता का?"

"छे," मी म्हणालो.

हाड धरलं तरच फिटनेस सर्टिफिकेट मिळणार होतं आणि त्याशिवाय कंपनीच्या गेटमधून आत जाता येणार नव्हतं.

गावात बातमी पोचली ती अशी, की ह्याच्या कमरेत दुसऱ्याचं हाड बसवलंय. भेटायला येणारे माझ्याकडचा चहा पिऊन मलाच विचारायचे, "मेल्याल्या माणसाचं हाय म्हनं? पर आपल्यातलाच व्हता ना त्यो?" एकाला ते बोकडाचं वाटलं. त्यानं मला देवघरापासून लांब राहायचा सल्ला दिला आणि जाताना आमचीच चार वांगी मागून नेली. मी प्रत्येकाला सांगायचो, अरे, हे कंपनीत बनतं, बंद बाटलीतून येतं. ते माना डोलवायचे आणि बाहेर पडताना तोच प्रश्न माझ्या बायकोला विचारायचे. असल्या लोकांत आपण जन्मलो याची मला लाज वाटायची.

सगळ्यांत जास्त कीव यायची ती मामांची. मामा निमोण्याचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता कांदा करायचे. मेंढराचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या बांधून तो बसवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांच्या घरात एक रीत होती: ज्यानं कामट्या बांधल्या, त्यानं ते मेंढरू चारी पायांवर चालेपर्यंत आपल्या आवडीची एक वस्तू सोडायची. एसट्या बदलत मामा मला बघायला आले, खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "तुझं हाड धरूस्तवर म्या तंबाखू सोडली."

"मामा, मी काय मेंढरू हाय का? केमिकल हाय ह्ये. तुमच्या सोडण्यानं त्याला काय फरक पडतोय?"

"नसंल पडत. सोडाया काय जातंय?"

चाळीस वर्षांची सवय ती. दर पंधरा दिवसांनी यायचे तेव्हा तोंडात धणे नाहीतर बडीशेप घोळवत बसायचे, हात उगाच कोपरीच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. ते गेले की मी बायकोला त्यांची नक्कल करून दाखवायचो. आणि ती स्वयंपाकघरात गेली की कमरेच्या पट्ट्याच्या घडीत लपवलेली पुडी आणि चुन्याची डबी काढून, आडव्याचा आडवाच तळहातावर मळायचो. दिवसातून सहा-सात वेळा. दोन-चार चिमटींनी काय होतंय, असं हा शहाणा माणूस स्वतःला सांगायचा.

सहा महिन्यांनी मामाच मला पुण्याला घेऊन गेले. तपासायला पट्टा सोडावा लागला. मी कसलाही विचार न करता तो मामांच्या हातात दिला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "मांडव उभा आहे, पण वेल चढलाच नाही. एक स्क्रूसुद्धा सैल झालाय. तंबाखू?"

"नाही, सर."

मामा शेजारीच बसले होते. मांडीवर पट्टा. बोटं त्याच्या घडीवर.

"आणखी तीन महिने बघू. तोवर धरलं नाही तर पुन्हा ऑपरेशन." सर्टिफिकेटचा विषय मी काढलाच नाही.

एसटी स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर मामांनी पट्टा माझ्या हातात दिला. वर पुडी आणि डबी नीट ठेवलेली. ज्यानं चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली, त्याला माझ्या तोंडाचा वास पहिल्या दिवसापासून येत असणार, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. गावातल्या अडाण्यांना मी सहा महिने नावं ठेवली, पण माझ्याइतका मूर्ख त्यांच्यात एकही नव्हता.

मामा रागावले नाहीत. खरोखरच पेच पडल्यासारखे म्हणाले, "तू खातूस तवर तुजं हाड धरायचं न्हाई. आन् तुजं हाड धरत न्हाई तवर मला खाता यायची न्हाई. मंग म्या काय करावं, तेवढं सांग."