पट्टीखालचा उजेड

दाजी गेले त्या रविवारी नाना सकाळी सात वाजता चपला घालून दारात बसले होते. फोन मी घेतला.

नाना माझे वडील आणि दाजी माझ्या बहिणीचे यजमान. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा वार लोक सणासारखा लक्षात ठेवतात, तिथं राहून बोटींचा वैद्य झालेला माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका आमचा जावई निघाला. आठवडाभर ते वाळूजच्या एका कारखान्यात बसगाड्यांचे फायबरचे भाग तपासत. रविवारी पैठणची एसटी धरून जायकवाडीच्या काठी जात आणि जुन्या फायबरच्या मोटरबोटी उलट्या करून त्यांच्या तळांशी बोलत बसत. सोबत गवंड्याकडं असते तशी ॲल्युमिनियमची लांब पट्टी. कंडक्टरनं एकदा तिचं तिकीट मागितलं, तर म्हणाले, "अर्धं फाडा की. बिचारी उभ्यानं चाललीय."

"बोट पाण्यात नाय बिघडत, लायब्ररी. जमिनीवर बिघडती," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून मी लायब्ररी. बोट वर्षानुवर्षं ओंडक्यांवर ठेवली आणि मागच्या टोकाला आधारच दिला नाही, की इंजिनाच्या वजनानं ते टोक लोंबतं आणि त्याच्या अलीकडं तळाला खळगा पडतो. मग बोट पाण्यात नाक खाली घालून, रुसल्यासारखी चालते. तळावर पट्टी लांबीत ठेवायची; खालून उजेड दिसला की रोग सापडला. मग तिथं फायबरचे थर, रेझिन, आणि हात दुखेपर्यंत पॉलिशपेपर. हीच तपासणी ते घरीही करत. बहिणीचं पोळपाट त्यांनी नापास केलं होतं. एकदा पट्टी माझ्या पाठीला लावून म्हणाले, "लई उजेड हाय हितं. वाचणं कमी करा."

सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटे. आई गेल्यापासून नाना माझ्याशी पाण्याच्या वारापलीकडं बोलत नव्हते. मी आणलेली पुस्तकं त्यांच्या उशाशी न उघडता साचत गेली. दाजींनी मात्र एका रविवारी पट्टीचं दुसरं टोक त्यांच्या हाती दिलं, आणि नाना दर रविवारी जाऊ लागले. रात्री जेवताना आपणहून सांगत, "आज दोन ठिकाणी उजेड होता." वाढणारा मी, ऐकणारा मी, पण ते वाक्य दाजींचं होतं.

अलीकडं कित्येक महिने दोघं एकाच बोटीवर होते. तिचा मालक मासेमारी करणारा. तो ओरडे, "दाजी, माझे मासे म्हातारे झाले वो!" दाजी तळावरून हात फिरवून म्हणत, "अजून एक खळगा हाय." मी एकदा घरी म्हणालो, "दाजींना काम संपवताच येत नाही." नाना दोन दिवस माझ्याशी पाण्याच्या वाराबद्दलही बोलले नाहीत.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी नानांना घेऊन धरणावर गेलो. बोट उलटीच पडली होती. पुढच्या खेपेसाठी दाजींनी तळावर पेन्सिलीनं फुली करून ठेवली होती. नानांनी दुसरं टोक धरलं, मी पट्टी टेकवून डोळा लावला. उजेड नव्हता. जरा सरकवून पाहिलं. कुठंच नव्हता.

मालकानं मला चहाच्या निमित्तानं बाजूला नेलं. "बोट कवाच नीट झालीय. मला दुसरी हाय. दाजी म्हणले, सासऱ्याला सांगू नगा, त्यांना यायला जागा पायजे. मग मी बी वरडायचो, खरं वाटावं म्हणून."

हे मला सुचायला हवं होतं. नाना माझे वडील होते. त्या घटकेला दाजींचा जितका हेवा वाटला तितका ते असताना कधी वाटला नव्हता; आणि भांडायला ते नव्हते.

मी परत आलो. नाना टोक धरून तसेच वाकलेले होते.

"उजेड?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "थोडा."

"जावईबापू म्हणलेच होते."

रात्री जेवताना ते म्हणाले, "आज एका ठिकाणी उजेड होता."

आता पट्टी माझ्याकडं असते. रविवारी सात वाजता नाना चपला घालून दारात बसतात.