हरिभाऊंच्या खांबांवरचा गेरू

"वकीलसाहेब, सरकारनं माझ्या घराला नंबर घातले!"

हरिभाऊ शेटनी कोर्टाच्या पायरीवरच मला गाठलं. माझ्या हातात दुसऱ्याच दाव्याचे कागद होते आणि आत पुकारा व्हायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "शेट, संध्याकाळी घरी या." ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत घर राहिलं तर येतो."

असं बोलणारा हा माणूस नव्हता. तांदळाचा व्यापारी, मितभाषी, खोकलासुद्धा बेताने काढणारा. मी तारीख मागून घेतली आणि त्यांच्याबरोबर महाडच्या बाजारपेठेत गेलो.

हे घर साधं नव्हतं. शेटच्या आजोबांनी बांधलेलं, संपूर्ण सागाचं. मधल्या काळात त्याची दुर्दशा झाली होती. शेटनी दोन वर्षं खपून ते पुन्हा उभं केलं. कुजलेले वासे काढले, पुढे कोणीतरी ठोकलेला पत्र्याचा आडोसा उपटून फेकला, लाकडाला जवसाचं तेल पाजलं. खिळा म्हणून वापरू दिला नाही. जुना सांधा लाकडी खुंटीचा, तर नवाही खुंटीचाच. त्या दिवसांत शेजारी भराभर सिमेंटचे गिलावे करत होते. महामार्ग रुंद होणार, एसटीची वर्दळ वाढणार, बदलून येणारे साहेबलोक भाड्याने खोल्या मागणार, अशी हवा होती. जो तो जुनं पाडून खोल्या काढायच्या मागे. आणि हे गृहस्थ सुताराला सांगत होते, "नवीन दिसता कामा नये."

एवढं करून घर विकायला का काढलं? तर बायको वारली, मुलगे मुंबईला, आणि एकट्याने त्या एवढ्या माजघरात बसून जेवण जाईना. मुलाकडे जायचं ठरलं. पण गिऱ्हाईक त्यांना हवं तसं मिळेना. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारायचा, "पाडायला किती लागतील?" शेट त्याला चहाही न देता वाटेला लावायचे.

मग राघो सकपाळ आला. मूळचा पोलादपूरजवळच्या कापडे गावचा, मुंबईला गोदीत कामाला. त्याने विजेचं कनेक्शन विचारलं नाही, मोरी बघितली नाही. एकेका खांबावरून तळवा फिरवला, मान वर करून सांधे न्याहाळले आणि म्हणाला, "शेट, हे घर मला पायजे." शेट मला नंतर सांगत होते, "वकीलसाहेब, इतक्या दिवसांत पहिला माणूस आला ज्याला घर कळतं."

मीच दोघांचं साठेखत केलं. साठेखत म्हणजे इसार घेऊन केलेला विकण्याघेण्याचा करार. एवढ्याने घर कोणाचं होत नाही. पुढे खरेदीखत करून ते रजिस्टर करावं लागतं. महाडात तेव्हा एकाच वकिलाने दोन्ही बाजूंचा कागद करणं नवलाचं नव्हतं. खरेदीखताला अवकाश होता, म्हणून झाडलोट करायला शेटनी एक किल्ली राघोच्या भावाकडे दिली आणि स्वतः तेवढे दिवस दुकानाच्या माळ्यावर राहायला गेले.

आणि आता हे.

आत जाऊन बघतो तर खरंच. प्रत्येक खांबावर, कमरेच्या उंचीला, गेरूने खुणा. एकावर दोन रेघा आणि फुली. दुसऱ्यावर तीन रेघा आणि वर्तुळ. तुळयांच्या टोकांवर, दारांच्या चौकटींवर, देवघराच्या फळीवरसुद्धा. जिन्याच्या तर प्रत्येक पायरीवर.

"रस्त्यात गेलं माझं घर," शेट मटकन ओटीवर बसले. "समोरच्या गल्लीत असेच नंबर पडले होते ना? पुढच्या महिन्यात भिंती गेल्या."

मला काही उमगेना, आणि विचारायला राघोचा भाऊही नव्हता, तो गावी गेला होता. रस्ता देवघरातून जाईल, पण जिन्याच्या पायऱ्या कशाला मोजेल? तरी मी बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरकडे गेलो. त्याने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गेरू? आमच्याकडे डांबर असतं, साहेब. आणि ते आम्ही बाहेरच्या भिंतीला लावतो. लोकांच्या माजघरात जायला आम्ही काय पाहुणे आहोत?"

मग नगरपालिका. तिथला कारकून म्हणाला, "घरपट्टीचा नंबर दारावर असतो. खांबांवर पट्टी बसवायची कल्पना चांगली आहे, पण अजून आमच्यापर्यंत आलेली नाही."

मग कोणीतरी सुचवलं, मलेरियावाले असतील. ते फवारणी करून घरावर काहीबाही लिहून जातात. मलेरियावाल्यांना शोधून काढलं. ते म्हणाले, आम्ही तारीख लिहितो, फुल्या-वर्तुळं काढत नाही.

आता माझं डोकं पार चक्रावलं. एका शेजाऱ्याने दबक्या आवाजात "करणी" असा शब्द उच्चारला, तेव्हा मी, कायद्याचा पदवीधर, क्षणभर विचारात पडलो हे कबूल करतो. शेटचा एकच धोशा होता : "घर रस्त्यात जाणार असेल तर त्या गरिबाला फसवून विकलं असं होईल. मला त्याचा इसार परत करू द्या." घर जाण्याच्या दुःखात त्यांना राघोची काळजी होती. ते बघून मला वाईट वाटलं.

मी राघोला निरोप धाडणार तोच दुसऱ्या सकाळी तो स्वतः ऑफिसात हजर. शेटही बसलेलेच होते.

"सायेब, खरेदीखत कदी? ट्रकवाला घाई करतो हाय."

"ट्रक कशाला? तुझं सामान आणायला?"

"आनायला नाय. न्यायला."

"काय न्यायला?"

राघो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच आडरानातून आलो होतो. "घर."

मग राघोने सावकाश, आम्हा दोघांना समजेल असं सांगितलं. शिमग्याच्या सुमारास गवताच्या उडवीला लागलेली आग त्याच्या घरापर्यंत आली. घर गेलं. आई आणि भावाचं कुटुंब तेव्हापासून गोठ्यात राहतंय. पावसाच्या आत डोक्यावर छप्पर हवं. नवा साग तोडायचा तर जंगलखात्याचा परवाना, आणि तो मिळेपर्यंत दोन पावसाळे जातील. मग डोंगरातली माणसं करतात तेच त्याने केलं : पेठेतलं जुनं सागाचं घर बघितलं. ते सोडवायचं, उचलायचं, गावी नेऊन उभं करायचं. त्यांच्या वाडीतली निम्मी घरं अशीच कुठून कुठून आलेली. खुणा वाडीच्या सुताराने केल्या होत्या, कुठला खांब कुठे बसायचा ते चुकू नये म्हणून.

"अरे, मग जागेचा करार कशाला केलास?" मी विचारलं.

"तुमीच लिवलात ना? मला वाटला शेरात घराबरोबर जागा घ्यावीच लागत आसंल. तुमची रीत."

शेट उभे राहिले. "मी माझं घर पाडू देणार नाही."

"पाडतंय कोन? आमी न्हेतोय."

"एकच आहे ते!"

"एक कसा? पाडल्यावर घर ऱ्हात नाय. न्हेल्यावर ऱ्हातंय." मग राघो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुमचाच घर का घेतला, म्हायती हाय? बाकीच्यांनी शिमीट घातला, खिळे ठोकले. ते सोडवाया गेलं का लाकूड फाटतंय. तुमी खुंट्या ठेवल्यात. सगला सुटतंय."

दोन वर्षं ज्या हट्टाने घर राखलं, त्याच हट्टामुळे ते उचलून नेण्याजोगं राहिलं होतं. शेटना हे कळलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. ते मला म्हणाले, "खरेदीखतात अट घाला. घर जागेवरून हलवायचं नाही."

"घालता येईल, पण टिकणार नाही. एकदा विकलं की मालक हा. याने त्यात राहावं की ते डोक्यावर घेऊन जावं, हे आपण सांगू शकत नाही."

"मग मी विकत नाही."

"मग हा तुमच्यावर दावा लावू शकतो. साठेखत झालंय."

"तुम्ही कोणाचे वकील?"

हा प्रश्न मलाही पडला होता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

शेवटी राघोच म्हणाला, "शेट, येकदा जागा बगून जा. मंग नाय म्हना. मी दावाबिवा करनारा मानूस नाय."

आम्ही तिघे एसटीने पोलादपूरला उतरलो आणि पुढे कापड्याची वाट धरली. शेतांत राब, म्हणजे पेरणीआधी जाळायचा पालापाचोळा, भाजून झाले होते, सगळीकडे काळे चौकोन पडले होते. राघोची आई गोठ्याबाहेर आली, पाणी आणि गुळाचा खडा पुढे केला. मागे दोन म्हशी आणि तीन मुलं एकाच दावणीपाशी बसलेली. तिने ना तक्रार केली ना आर्जव. फक्त विचारलं, "शेट, तुमचा देव कुठल्या अंगाला बसायचा? आमचा बी तितंच बसवू."

शेटनी मान फिरवली, आणि तिकडे घरासाठी बांधलेलं जोतं होतं.

नवं, दगडी, उघडं. त्यावर खांब उभे करायचे तळखडे, म्हणजे बैठकीचे दगड, मांडून ठेवलेले, आणि प्रत्येकावर गेरूची खूण. मला ते नुसतं दगडांचं आवार दिसलं. शेट चपला काढून वर चढले. चार पावलं चालले, जिथे भिंत नव्हती तिथे वळले, जिथे उंबरा नव्हता तिथे पाय उचलून पलीकडे टाकला. "ही ओटी," ते स्वतःशीच म्हणाले. "हे माजघर. इथे ती तांदूळ निवडायची."

मी खाली उभा होतो. काय करावं ते सुचेना, म्हणून छत्री उघडली आणि मिटली.

मग ते एका दगडापाशी थांबले. वाकले. "राघो, हा कोणी बसवला?"

"आमच्या सुतारानं."

"चुकलाय. हा खांब बुडातून कुजला होता, मी वीतभर कापून काढला. तिकडे त्याच्याखाली उंच दगड दिलाय, गिलाव्यात झाकलेला. इथे सपाट दगड ठेवलात तर आढं एका अंगाला बसेल. पहिल्या पावसात कौलं घसरतील." आणि जरा थांबून, चिडल्यासारखे, "तुमच्या सुताराला काय कळणार ते? मला यावं लागेल."

झालं. होकार म्हणून त्यांनी दिलेला शब्द एवढाच.

कागद करताना माझी पुन्हा पंचाईत झाली. उभं घर ही स्थावर मिळकत. तिचं खरेदीखत रजिस्टर करावं लागतं. पण सोडवून न्यायचं घर म्हणजे लाकूड आणि कौलं, ती जंगम; त्याला साधी पावती पुरते. जुनं साठेखत दोघांच्या संमतीने रद्द केलं. जागा शेटकडेच राहिली, राघोवरचं ओझं हलकं झालं. आणि माझी इतक्या दिवसांची धावपळ रेव्हेन्यू तिकिटाच्या एका चिटोऱ्यावर संपली. गंमत पुढेच झाली. घर हलल्यावर त्या मोकळ्या जागेवर गिऱ्हाइकांची रीघ लागली. ज्यांना शेटनी वाटेला लावलं होतं तेच परत आले. पेठेत तेव्हा घराला नाही, घर नसलेल्या जागेला मोल होतं.

शेट मुलाकडे गेले, पण उशिरा. तोवर ते कापड्याला, राघोच्या भावाच्या पंगतीला जेवत, खांब बसवणाऱ्यांवर ओरडत होते.

पावसाच्या तोंडावर वास्तूचं बोलावणं आलं. मी नारळ घेऊन गेलो. बाजारपेठेतलं घर भाताच्या खाचरांकडे तोंड करून उभं होतं, आणि ओटीवर हरिभाऊ शेट उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "या, या, बसा" करत होते. राघो पाहुण्यासारखा खालच्या पायरीवर बसला होता. नारळ कोणाच्या हातात द्यावा हे मला ठरवता येईना. शेवटी तो राघोच्या आईकडे दिला.

त्यानंतर वकिली संपेपर्यंत घराच्या प्रत्येक व्यवहारात मी घेणाऱ्याला आधी एकच विचारत आलो : घर राहणार कुठे? लोक हसायचे. मी उत्तर मिळाल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नसे.